पद्मिनीचं बारमाही दुखणं

जुन्या गाडीच्या मालकाला ‘काय म्हणते गाडी?’ असं सहज म्हणून विचारू नये. त्यातून ती गाडी प्रीमियर पद्मिनी असेल, तर हाताशी वेळ असल्याशिवाय मुळीच विचारू नये. मालक आधी बॉनेटवर हात ठेवतो. मग सुरू होतो. सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही. गरम झाली की बंद पडते. दुसऱ्यातून पहिल्यात जात नाही. स्टिअरिंगला थोडा प्ले आहे. मागच्या डाव्या दाराची काच खाली जाते, वर येत नाही. पत्रा खालून सडलाय. शिवाय ऑइल खाते. एवढी यादी सांगून झाली की हात झटकून म्हणतो, ‘‘बाकी काही म्हणजे काही त्रास नाही हो. अशी गाडी पुन्हा होणे नाही!’’

आणि तो खोटं बोलत नसतो. यादीत जे आहे त्याला तो त्रास म्हणतच नाही. तो गाडीचा स्वभाव. यादीबाहेरचं काही निघालं तर तो त्रास. आणि पद्मिनीत यादीबाहेरचं सहसा काही निघायचं नाही. हीच तिची विश्वासार्हता. ती बिघडणार नाही याची खात्री कुणालाच नव्हती, पण काय बिघडेल याची सगळ्यांना होती.

यादी इतकी पाठ व्हायला कारण होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात आलेल्या गोलमटोल फियाट 1100 चं आपल्या लोकांनी तत्काळ बारसं केलं : ‘डुक्कर फियाट’. हे नाव प्रेमाचं होतं, असं मालक सांगत. शेजाऱ्यांचं मत नोंदलेलं नाही. 1964 पासून चौकोनी चेहऱ्याची फियाट 1100 डिलाइट निघू लागली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव जाऊन प्रीमियर आलं आणि गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. नाव बदललं, गाडी तीच राहिली. इटलीत 1969 मध्येच या 1100 चा कारभार आटोपला होता. आपण मात्र तीच गाडी आणखी तीस वर्षं, अगदी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत काढत राहिलो. लोकही तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

मधल्या काळात गाडीत फारसं काही बदललं नाही, कारण बदलायची गरज कुणाला वाटली नाही. परमिट-लायसनचा जमाना. गाडी बुक करायची, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहायची. ज्याचा नंबर लागला त्याने ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन गाडी विकली तर घरबसल्या फायदा. इतकी वाट पाहून दारात आलेल्या गाडीबद्दल ‘हिला पिकअप नाही’ म्हणण्याची कुणाची छाती? लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना 1964 मध्ये फियाट घेतली, तीही बारा हजारांतले पाच हजार रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढून. ते कर्ज त्यांच्या मागे पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी हप्त्यांवर घ्यावी लागली, तिच्या दाराचा आवाज येतो म्हणून कुरकुर करणं सामान्य माणसाला शोभलं नसतं.

तर ती यादी. पद्मिनीचं दुखणं बारमाही असलं, तरी प्रत्येक ऋतूचं वेगळं असे. नवीन मालकाला वर्षभरात सगळे ऋतू भेटून जात आणि मग तो जाणता होई.

उन्हाळ्याचं दुखणं म्हणजे व्हेपर लॉक. हा शब्द त्या काळी मराठी घरांतल्या आज्यांनाही ठाऊक होता. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंप तापायचा, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ काही ओढता यायची नाही. टाकी भरलेली, पेट्रोल मात्र कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही. गाडी दोन आचके देते आणि थांबते. त्यावर एकच औषध. फडकं ओलं करायचं, पंपावर टाकायचं आणि गप्प बसायचं.

हे औषध सर्वांत जास्त दिलं गेलं ते बोरघाटात. एक्सप्रेसवे व्हायच्या आधी मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक जुन्या रस्त्याने चढायची. मे महिना, टपावर होल्डॉल आणि आंब्याची पेटी, आत सात माणसं. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर आणि पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं आरामात, असं ज्याला पुढे बसायचं असायचं तो म्हणायचा. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. खोपोली सोडली की टेम्परेचरचा काटा चढायला लागायचा आणि त्याच्याबरोबर ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या काकूंचा आवाजही. शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचेपर्यंत दोघंही शेवटच्या रेघेला. तिथे रस्त्याच्या कडेला आधीच चार-पाच पद्मिन्या बॉनेट उघडून उभ्या असत. येणारे-जाणारे शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे जायचे. पद्मिनीवाल्याला मात्र पाऊण तास सक्तीचं दर्शन. बॉनेटं थंड होईस्तोवर ओळखी निघत, डबे उघडत, दशम्यांची देवाणघेवाण होई. एखादा नवशिका घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला जाई आणि चारी बाजूंनी ‘अहो, अहो, अहो!’ असा पुकारा होई. हाताला फडकं गुंडाळून, तोंड दुसरीकडे करून झाकण अर्धंच फिरवायचं, हे ज्ञान त्या घाटात फुकट मिळे.

घाटातली दुसरी अडचण पहिल्या गिअरची. त्याला सिंक्रोमेश नव्हता. म्हणजे चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात यायचं तर गाडी जवळजवळ थांबवावी लागे, नाही तर गिअरबॉक्समधून असा खर्रर्र आवाज येई की मागून येणारा ट्रकवालाही हळहळायचा. चढावर थांबलं की पुन्हा निघायची पंचाईत. म्हणून प्रत्येक कुटुंबात चाकाखाली दगड लावणारा एक ठरलेला माणूस असे. बहुधा धाकटा भाऊ. गाडी निघाली की तो दगड टाकून धावत येऊन चालत्या गाडीत चढे. अशा रीतीने घाट चढलेल्या कित्येकांनी पुढे ट्रेकिंगच्या क्लबात नाव काढलं असेल.

पावसाळ्याचं दुखणं अगदी वेगळं. इंजिन गार, पण आता डिस्ट्रिब्यूटरला ओल. मुंबईत हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पाणी साचलं की पुढचा पंखा तेच पाणी उडवून वायरींवर आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर मारायचा. स्पार्क गेला, गाडी बसली. जाणकार टॅक्सीवाले पाण्यात शिरण्यापूर्वी टोपीवर प्लास्टिकची पिशवी बांधत. अजाण लोक पाण्यात शिरत आणि मग गुडघाभर पाण्यात उभं राहून बनियनच्या टोकाने टोपी पुसत.

टोपी काढलीच आहे तर पॉइंटही बघायचे, ही रीतच होती. पॉइंट म्हणजे दोन बारीक तुकडे, एकमेकांपासून सुटताना स्पार्क घडवणारे. ते जळून काळे पडले की गाडी ‘मिसिंग’ करी. पॉलिश पेपरने घासायचे आणि मधली फट नेमकी लावायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. पुस्तकात त्यासाठी फीलर गेज सांगितलंय. गॅरेजमध्ये ते असे, पण कुठे ठेवलंय ते पोऱ्यालाच ठाऊक आणि पोऱ्या चहा आणायला गेलेला. मग मिस्त्री डॅशबोर्डचा कप्पा उघडून कागद चाचपायला लागे. पोस्टकार्ड चाले, सिगारेटचं पाकीट चाले. पण हातात लग्नपत्रिका आली की त्याचा चेहरा खुले. जाड, गुळगुळीत, दुमडली तर नेमकी फट. एकच डोळा उघडा ठेवून तो पत्रिका पॉइंटमध्ये सरकवी, स्क्रू पाव फेरा फिरवी, पत्रिका ओढून बघी. सैल नको, घट्ट नको. मग म्हणे, ‘‘मारा सेल्फ.’’ गाडी पहिल्या फटक्यात सुरू होई. त्या लग्नाचं पुढे काय झालं कोण जाणे, पण ज्या घरची पत्रिका अशी कामी आली त्या घरी आहेर थोडा जास्तच जायला हवा होता.

हिवाळा म्हणजे चोक. नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी हूं की चूं करत नसे. चोक कमी ओढला तर सुरू होत नाही, जास्त ओढला तर पेट्रोल तुंबून ‘ओव्हरफ्लो’. दोन्हींच्या मधली जागा फक्त मालकाच्या बोटांना ठाऊक. तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेली असे आणि सोसायटीच्या गॅलऱ्यांतून माणसं जमलेली. मग ‘दे धक्का’. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. चौघांनी ढकलायचं आणि वेग आला की ‘सोड!’ असा ओरडा. गाडी धूर सोडत निघून जाई आणि ढकलणारे त्या धुरात उभे राहून एकमेकांकडे बघून हसत. ज्याची गाडी असते तो माणूस घरी चहाला बोलवायला विसरतो, ही तक्रार मात्र बारमाही.

ऋतूंशी संबंध नसलेली दुखणीही होतीच. स्टिअरिंगखालून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळ्यांचे बुश झिजले की गिअर भलत्याच ठिकाणी अडके. नेमका सिग्नलला. अशा वेळी ड्रायव्हर शांतपणे उतरे, बॉनेट उघडे, सळी हाताने हलवे आणि पुन्हा येऊन बसे. मागचे हॉर्न वाजवत, पण त्यातल्या निम्म्यांकडे पद्मिनीच असल्यामुळे त्यांच्या हॉर्नमध्ये जोर नसे. किंगपिन झिजले की स्टिअरिंगला प्ले येई. चाक वळायच्या आधी बराच वेळ नुसतं स्टिअरिंगच वळे आणि ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही सतत काही तरी वळवताना दिसे. आणि तळाचा पत्रा! मुंबईच्या खाऱ्या हवेत तो इतका सडे की रबरी मॅट उचलली तर खालून रस्ता दिसावा. डेंटिंग-पेंटिंगवाला त्यावर नवा पत्रा मारी, पुट्टी भरी आणि रंग देई. काही गाड्यांत शेवटी मूळ पत्रा किती आणि पुट्टी किती, हे त्यालाही सांगता येत नसे.

टॅक्सीत ही दुखणी उतारूंनाही पाठ झाली होती. दार आपटून लावलंत की ‘‘आहिस्ता, साब!’’ हळू लावलंत तर ते लागत नसे आणि मग ‘‘जोर से, साब!’’ या दोहोंमधलं बळ फक्त मुंबईकराच्या दंडात असे. काचेची हँडलं एकेक करून तुटलेली, म्हणून चार दारांत मिळून एकच हँडल. ते ड्रायव्हरच्या ताब्यात. पाऊस आला की तो ते मागे देई, आपण काच वर करायची आणि हँडल परत करायचं. पुढे हायकोर्टाच्या आदेशानंतर टॅक्सीत सीएनजी आला, सिलिंडरने डिकी खाल्ली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. गाडीने त्याचंही काही वाटून घेतलं नाही. तिला आधीच इतकं काय काय होतं की एकाची भर पडून फरक पडला नाही.

पण पद्मिनीची खरी ओळख तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात. तो उघडला तर गाडीचे कागद सगळ्यांत शेवटी सापडत. आधी निघे हळदीची पुडी : रेडिएटर गळायला लागला की आत टाकायला, म्हणजे गळती तात्पुरती बुजते. मग कपडे धुण्याच्या साबणाची वडी : पेट्रोलची टाकी पाझरली तर चिरेवर घासायला, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तंबाखू : वायपर बंद पडला की ओल्या काचेवर चोळायला, मग थेंब न धरता पाणी पसरून खाली जातं आणि पुढचं दिसतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी : उडालेल्या फ्यूजवर गुंडाळायला. हा शेवटचा उपाय जरा जास्तच गुणकारी. त्याने फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. ज्यांच्या घरी कुणी तंबाखू खात नाही, सिगारेट ओढत नाही, अशा सोवळ्या घरातल्या गाडीतही या दोन वस्तू सापडत आणि त्यावर घरात कुणी प्रश्न विचारत नसे. प्रामाणिक व्यसनी माणसाला इतकी सोयीची गाडी पुन्हा मिळाली नाही.

याहून मोठं काही झालं तर मिस्त्री. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दहा सेकंदांत निदान : ‘‘टॅपेट वाजतोय. बाकी खटखट ऐकू नका, ती जुनीच आहे.’’ मग ‘‘ए, बारा-तेराचा पाना दे रे,’’ आणि काम सुरू. सुटा भाग लागला तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची दुकानं, नाही तर कुर्ल्याचा जुना बाजार. दुकानदार गिऱ्हाइकाला आपादमस्तक न्याहाळून विचारी, ‘‘ओरिजिनल देऊ, की चांगला देऊ?’’

आता खरं बोलायचं तर आजची कुठलीही छोटी गाडी पद्मिनीपेक्षा कितीतरी कमी बिघडते, कितीतरी कमी पिते आणि ब्रेक दाबला की ठरल्या जागी थांबते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते पाण्यातून गेल्यावर थोडा वेळ आपलं काम विसरत. एअरबॅग वगैरे तर सोडाच. आत बसलेल्यांना वाचवायला पुढे श्रद्धा आणि मागे होल्डॉल एवढीच सोय. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू होते, त्यात नवल नाही. एकदा हे कळल्यावर पद्मिनी मागे पडणं ओघानेच आलं.

पण नव्या गाडीचं दुखणं कुणाला कळत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, त्यावर इंजिनाचं चित्र असतं आणि बस्स. बॉनेट उघडावं तर वर प्लास्टिकचं झाकण. रस्त्यावरचे चार लोक जमतात, चौघंही आत डोकावतात आणि चौघंही मान हलवून निघून जातात. मग टोइंगवाला येतो, लॅपटॉप जोडला जातो, कोड निघतो आणि ‘असेंब्ली बदलावी लागेल’ असं कळतं. ओलं फडकं कुठे ठेवायचं, ते कुणी सांगत नाही. पद्मिनी भर रस्त्यात बंद पडली तरी तिच्याभोवती उभ्या असलेल्या दहा जणांपैकी सात जणांना तिच्यावर इलाज ठाऊक असे. उरलेले तिघं ढकलायला उपयोगी पडत. ती टिकली ती पोलादावर नव्हे, या दहा जणांवर.

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींना आधी 25 वर्षांची वयोमर्यादा लागली. 2013 मध्ये ती 20 वर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी धावायची बंद झाली. त्या दिवशी लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले, हळहळ व्यक्त केली. दार आपटू नका, असं सांगायला मात्र कुणी उरलं नाही.

हल्ली पुन्हा तरुण मंडळी जुनी पद्मिनी शोधून काढतात, चकचकीत रंग देतात आणि रविवारी फिरायला नेतात. त्यांचं कौतुकच आहे. त्यांच्यासाठी चार शब्द. गाडी बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. रंगाखाली काय आहे, ते पुट्टीलाच ठाऊक. मॅट उचलून तळाचा पत्रा बघा. पुढचं चाक जॅकवर चढवून हाताने हलवून बघा, किंगपिन काय म्हणताहेत ते लगेच कळेल. दुसऱ्यातून पहिल्यात येताना कान उघडे ठेवा. आणि हे सगळं नंतर. त्याआधी पांढऱ्या मिशांचा, कानाला स्क्रू ड्रायव्हर लावणारा एखादा मिस्त्री हुडका. तो अजून गॅरेजमध्ये येतो का, नजर शाबूत आहे का, हाताखाली शिकणारा कुणी पोऱ्या आहे का, हे विचारून घ्या. तो सापडला तर पद्मिनी खुशाल घ्या. सापडला नाही, तर तिचा फोटो भिंतीवर लावा आणि बसने फिरा.